‘सदा हसतमुख’ हे मीच लिहिलं, अक्का

अक्का, चाकूरच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या पुतण्याच्या लग्नातला. शेजारच्या दोघींना कापून काढलंय, पण एकीची बोटं तुझ्या खांद्यावर राहिलीच आहेत. खाली मोठ्या अक्षरात, ‘शांत, सोशिक, सदा हसतमुख’. मजकूर माझा आहे. दाजी म्हणाले, “तुम्ही मास्तरीणबाई, तुम्हीच लिहा चार शब्द.” मी मान हलवली आणि लिहून दिले. एवढ्या थोड्या जागेत एवढं खोटं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

म्हणून आता हे लिहून राहिले. फ्लेक्स चार दिवसांत उतरेल, पण लोकांच्या तोंडातली तू तशीच राहशील, गुणाची, गरीब गाय. मला ते चालणार नाही. गेलीस म्हणून कुणीही यावं आणि तुला हवं तसं सजवून ठेवावं, एवढी काही स्वस्त नव्हतीस तू.

त्या दिवशी काय झालं ते मला चौघांकडून कळलं आणि चौघांनीही ते कौतुकानंच सांगितलं. तुझे थोरले दीर निलंग्याचे पाहुणे घेऊन आले होते, प्रणितासाठी स्थळ म्हणून. तुझी लेक नांदेडला होस्टेलवर, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तुझ्या छातीत सकाळपासून दुखत होतं. तू पोहे केलेस, चहा केलास, पाहुणे गप्पांत रंगले म्हणून परत चहा केलास. शेजारच्या शाहीनभाभीनं भिंतीवरून तुझा चेहरा बघितला आणि विचारलं, तर म्हणालीस, “पाहुणे उठू दे, मग सांगते ह्यांना.” पाहुणे उठले. तू कपबशा विसळल्यास, त्या पालथ्या घातल्यास आणि ओट्याला धरून खाली बसलीस. लातूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता भेटायला येणारी प्रत्येक बाई पदर तोंडाला लावून म्हणते, “शेवटपातूर पाहुण्याला कळू दिलं न्हाई, काय बाई व्हती!” अगं, कौतुक कसलं करताय? ती मरत होती आणि पाहुणे पोह्यावर पिळायला लिंबू मागत होते! पण हे मी मोठ्यानं म्हणाले नाही. नेहमीसारखी भिंतीला टेकून बसून राहिले. बायका आपसात कुजबुजल्या, “धाकटीच्या डोळ्यात टिपूस न्हाई बघ.”

टिपूस न येण्याची ही सवय किती जुनी, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

शिरूर अनंतपाळजवळच्या आपल्या त्या घरात मी नऊ वर्षांची होते, तू तेरा. आबांनी सांगितलं होतं, विहिरीतलं पाणी सरलं की मोटार बंद कर. मी बांधावर सीताफळं खात बसले आणि विसरले. मोटार कोरडीच फिरत राहिली आणि जळाली. आबा घरात शिरले ते कमरेचा पट्टा काढतच. मी ज्वारीच्या कणगीपाशी होते. परसदार सताड उघडं होतं. पळता आलं असतं. पण पाय जागचे हलेनात, जीभ टाळूला चिकटली आणि कानात नुसतं घुंऽऽ व्हायला लागलं. पट्टा पाठीवर बसला तेव्हाही तोंडातून ‘आई’ निघालं नाही. आबांना वाटलं, पोरगी मग्रूर आहे. “रडत बी न्हाई बघा, निगरगट्ट!” आणि रडत नाही म्हणून आणखी दोन बसले.

तेवढ्यात तू आलीस. हसत आलीस, अक्का! “आबा, अहो आबा, बसा की. ह्या येडीला काय कळतंय? घाम बघा किती आलाय.” पट्टा हिसकावला नाहीस. तू त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या धरलास आणि तो घ्यायला त्यांनी पट्टा खाली ठेवला. मग त्यांचे पाय दाबत बसलीस. गावातल्या पोस्टमनची नक्कल करून दाखवलीस, तो सायकलवरून उतरताना धोतर कसं सावरतो ती. आबा हसले. मायसुद्धा आतून बाहेर आली, जेवायला वाढू का म्हणून विचारायला. मी अजून कणगीपाशीच.

त्या दिवसापासून तू गुणाची आणि मी मठ्ठ. सगळ्या भावकीत तेच नाव पडलं आपलं. आणि मला आबांपेक्षा तुझा राग आला होता, खोटं कशाला सांगू? माझ्या पाठीवर वळ उठलेत आणि तू नकला करतेस, मला येडी म्हणतेस! तो राग मी छत्तीस-सदतीस वर्षं सांभाळला.

तुझं लग्न झालं, चाकूरला आलीस. दाजी काही आबांसारखे नव्हते. त्यांनी तुझ्यावर कधी हात उचलला नाही, ते कुणीही सांगेल. पण त्यांचा आवाज मोठा. मोजा सापडेना म्हणून ओरडले तरी तू पोळपाट टाकून धावायचीस, हातात पाणी, तोंडावर हसू. कुणी काही विचारो, तुझं ठरलेलं, “चालतंय की!” नणंदेनं तुझी पैठणी मागितली, चालतंय की. दिरानं ऐन सणाला दहा माणसं जेवायला आणली, चालतंय की. मला ते ‘चालतंय की’ ऐकलं की डोक्यात तिडीक जायची.

गेल्या नागपंचमीला माहेरी आपण दोघी होतो. झोके बांधले होते, बाया गाणी म्हणून राहिल्या होत्या, तू हातावर मेंदी काढायला नुकती बसली होतीस. दाजींचा फोन आला, किल्ली कुठं ठेवली म्हणून. तू ओली मेंदी धुऊन टाकलीस आणि पिशवी भरायला लागलीस. किल्ली फोनवर सांगता येत नव्हती का गं? माझा तोल गेला. सगळ्या बायांसमोर म्हणाले, “तुला कणाच न्हाई, अक्का. कुणी बी यावं आन् वाकवावं.” तू पिशवीची गाठ मारत म्हणालीस, “आन् तू? तू दगड. दगडाला तरी कुठं कणा असतोय?” बाया खो खो हसल्या. मी हसले नाही. तू हसलीस, तू तर हसणारच.

ते भांडण आपलं मिटलंच नाही.

मग थंडीत आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं नांदेडला. मी आपली सही करून मागच्या बाकावर बसायच्या तयारीनं गेले होते. शिकवायला एक मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, साध्या, सुती साडीतल्या. त्या म्हणाल्या, “भ्यालेलं माणूस भांडतं किंवा पळतं, हे आपल्याला दिसतं. पण जिथं भांडता येत नाही आणि पळताही येत नाही, तिथं काही जण जागीच थिजतात. आणि काही जण समोरच्याची मर्जी राखायला लागतात, त्याच्या रागाआधी धावतात, हसतात, त्याला खूश करतात. तो आळशीपणा नाही आणि लाचारीही नाही. ते ठरवून होत नाही. त्या वेळी जीव वाचवायला शरीराला जे सुचतं ते ते करतं. पंचाईत एवढीच की भीतीचं कारण निघून गेलं तरी शरीराला ते कळत नाही.” शेजारच्या बाई भुईमुगाच्या शेंगा फोडून राहिल्या होत्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सेहेचाळीस वर्षांची मी, आणि कणगीपाशी उभं राहिल्याबद्दल पहिल्यांदाच कुणी मला मठ्ठ म्हणत नव्हतं.

लाजही वाटली, तेही सांगते. देगलूरला माझ्या वर्गात एक मुलगी आहे, घरी तेलुगू बोलते. मी पाढा विचारला की नुसती उभी. तिच्यावर मी किती खेकसले असेन, “तोंडात काय मिठाची गुळणी धरली का गं?” मी! मी हे विचारत होते!

त्याच दिवशी बसस्टँडवरून तुला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. म्हणाले, “अक्का, तू लबाड नव्हतीस गं. तू मला वाचवून राहिली होतीस.” पलीकडं तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “जेवलीस का?”

“अक्का, मी काय म्हणून राहिले?”

“कळालं की. पण मला भ्या-बिया काय न्हाई. स्वभाव हाय माझा.”

“स्वभाव न्हाई तो. भीती हाय.”

“हाव, हाव. तू म्हणतीस तसं.”

बघ! भांडणातसुद्धा माझीच मर्जी राखलीस! मी चिडून फोन ठेवला. वाटलं, पुढच्या भेटीत समोर बसवून सांगेन. पुढची भेट झाली ती तुझ्या तोंडावरचं कापड बाजूला करून.

म्हणून जे समोर बसवून सांगायचं होतं ते आता सगळ्यांसमोर सांगते. ‘कणाच न्हाई’ म्हणाले ते मी परत घेते. तेरा वर्षांची पोरगी पट्टा उगारलेल्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभी राहते, त्याच्या हातात तांब्या देते, आणि आतून लटपटत असताना नक्कल करते. एवढी हिंमत त्या गावात एका गड्याला नव्हती. मी तुझी ऋणी आहे, अक्का. पण ऋणी आहे म्हणून गप्प बसणार नाही. तेरा वर्षांच्या पोरीला जे करावं लागलं तेच पन्नाशीची बाई छातीत कळा येत असताना करत होती, आणि आम्ही सगळे त्याला गुण म्हणत होतो. याचा मला राग आहे. तुझा नाही, आमचा.

आता दहाव्या दिवसाचं ऐक, तू नव्हतीस.

विधी उरकून सगळे घरी आले. बैठकीत जाजम टाकलेलं, माणसं भिंतीकडेनं बसलेली, आम्ही बायका मधल्या दारात. तुझ्या थोरल्या दिरांनी घसा साफ केला. “पोरीचं वर्षाच्या आत उरकावं लागतंय. न्हाई तर तीन वर्षं थांबावं लागंल. निलंग्याची माणसं तयार हायती. आन् सुमननं सोता त्यांच्यासमोर शब्द दिलेला हाय, ‘चालतंय की’ म्हणून. तिची शेवटची इच्छा समजा.”

कळलं का, अक्का, काय झालं ते? तुझं ते जन्मभराचं ‘चालतंय की’ आता तुझ्या लेकीच्या गळ्यात बांधायला काढलं होतं.

तुझ्या दिरांनीच प्रणिताला हाक मारली. “बाळा, तुझं काय म्हणणं?” ती पुढं आली. दहा दिवस रडून सुजलेले डोळे, आणि त्या डोळ्यांखाली हसू. तुझंच हसू गं, उचलून आणल्यासारखं. “तुम्ही म्हणाल तसं, काका,” म्हणाली. “पाणी आणू का तुम्हाला?” तिच्या पाठीमागं मी होते. ओढणीच्या टोकाला तिनं एवढा पीळ घातला होता की बोटं पांढरी पडली होती.

आणि मी थिजले. वर्गात पन्नास पोरांना ओरडणारी मी, माझी जीभ टाळूला चिकटली. कानात तेच घुंऽऽ. जमलेली माणसं माना डोलवून राहिली होती, कुणीतरी जोशीबुवांकडून तारीख काढायचं म्हणालं, आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी. त्या डॉक्टरीणबाईंनी एक सांगितलं होतं, असं झालं की आधी बोलायला जाऊ नका, आधी पाय हलवा. मी जाजमावर पायाची बोटं हलवली. एक, दोन, तीन. टाच दाबली. मग श्वास आला. मग आवाज आला, फाटका, घोगरा.

“थांबा.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हणाले, “अक्काचं ‘चालतंय की’ म्हंजे हो नव्हतं.”

“मग काय व्हतं?” तुझे दीर म्हणाले.

“भ्या व्हतं.”

एकच गलका झाला. दाजी तर उठून उभेच राहिले. “माझ्या बायकोला कुणाचं भ्या? मी कधी बोट लावलं का तिला? विचारा गावात!”

“न्हाई लावलं, दाजी. पण तुम्ही आवाज चढवला की ती हातातलं टाकून पळत यायची, का न्हाई? तुम्हाला वाटलं, माया हाय. मला वाटलं, लाचारी हाय. आपण दोघं बी चुकलो.”

“दुखवट्याच्या घरात तमाशा कशाला, मास्तरीणबाई?” कुणीतरी म्हणालं. खरं सांगते, आणखी कुणी एक शब्द बोललं असतं तर मी परत दगड झाले असते.

पण दारात शाहीनभाभी उभी होती. भाकरीची दुरडी घेऊन आली होती, डोईवर पदर. ती आतच येऊन म्हणाली, “भाऊसाब, मी झूट न्हाई बोलत. पाहुणे बसलेले तवा सुमन भिंतीपाशी आली. मला बोलली, ‘भाभी, पोरीचं शिक्षण हुईपर्यंत मला लगीन न्हाई करायचं. पण भाऊजींच्या पुढं तोंडातून हो निघून गेलं. आता कसं फिरवू?’ मी बोलली, जाऊन सांग की. तर बोलली, ‘पाहुणे उठू दे.’” आणि मग भाभी रडायलाच लागली. “रोज दुपारी माझ्याकडं येऊन दहा मिनिट बसायची. काय बोलायची न्हाई. एकदा मी विचारली, क्या हुआ सुमन? तर बोलली, ‘भाभी, तुमच्यात मला हसावं लागत न्हाई.’”

दाजी खाली बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या टोपीकडंच बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून राग पण आला.

काकांनी परत प्रणिताकडं बघितलं. मी म्हणाले, “आत्ता तिला विचारायचं न्हाई. सगळ्यांची तोंडं बघून ती हो म्हणणार. तेराव्याला विचारा.”

ते तीन दिवस मी तिला भाभीच्या घरी बसवलं. काही समजावलं नाही. उपदेश तर मुळीच नाही. शिलाई मशीनपाशी बसून ती काजं-बटणं करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम म्हणाली, “मावशी, मला काकांनी विचारलं ना, तवा मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.” मी म्हणाले, “मला ठाऊक हाय.” मग तिला कणगीची गोष्ट सांगितली, तुझ्या तांब्याची सांगितली. पोस्टमनच्या नकलेला ती हसली, खरंखुरं हसली, आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मीही रडले, अक्का. तुझ्यासाठी, पहिल्यांदा.

तेराव्याचं गोडजेवण झालं. तिनं काकांसमोर उभं राहून सांगितलं, “काका, मला शिक्षण हुईपर्यंत लग्न करायचं न्हाई. तीन वर्षं थांबावं लागलं तर थांबू.” काका वाट बघत राहिले, ती आता हसेल, ‘पण तुम्ही म्हणाल तसं’ म्हणेल. ती काहीच बोलली नाही. ते पान न खाता उठले आणि निघून गेले. अजून रागावलेत. रागावू देत. त्यांचा राग त्यांनीच सांभाळावा, घरातल्या बाईनं किती दिवस सांभाळायचा?

काल तिला नांदेडच्या बसला बसवायला गेलो, दाजी आणि मी. दाजींनी बॅग वर टाकली आणि खिडकीपाशी येऊन त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, “रोज संध्याकाळी फोन करत जा. चुकवू नको.” मी तिच्याकडं बघितलं. तिच्या गालावर ते हसू येऊ लागलं होतं. आलं, अर्ध्यावर थांबलं, आणि गेलं.

“रोज न्हाई जमायचं, बाबा,” ती म्हणाली. “प्रॅक्टिकल असतंय. दोन दिसाला करते.”

दाजींनी कंडक्टरकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. “बरं,” म्हणाले.

अक्का, ‘बरं’ म्हणाले गं. एवढंच. आबांच्या पुढं हे निभलं नसतं, मला माहीत आहे. तिथं तू केलंस तेच बरोबर होतं. पण आबांना जाऊन किती वर्षं झाली, आणि आता भ्यायचं कारण उरलं नाही हे तुला नीट कुणी सांगितलंच नाही. मी सांगायला गेले ते फोनवर, तेही घाईत, आणि चिडून ठेवून दिला. तुझ्या लेकीच्या बाबतीत मी घाई करणार नाही आणि फोनही ठेवणार नाही. आणि उद्या कुणी ‘बरं’ म्हणालं नाही, तर मी आहे. थिजले तर थिजले, पण तिच्या शेजारी थिजेन.